मामंजींची कवळी

एकोणीसशे नव्वद साली, एका अमावस्येच्या दुपारी, मामंजींना कमरेभर पाण्यात शिंक आली आणि त्यांची वरची कवळी लाटेबरोबर गेली.

"हशू नकोश," ओलेते घरी येऊन ते मला म्हणाले. मी हसले नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या सासूबाई मात्र पोट धरधरून हसल्या.

ते हसू संध्याकाळपर्यंतच टिकलं. सासूबाईंची दृष्टी गेल्यापासून मामंजी त्यांना रोज पेपर वाचून दाखवत. त्या दिवशी दोन ओळी वाचून त्यांनी पेपर मिटला. एक शब्द धड उमटत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी वाचू लागले.

"छान वाचतेस गं," सासूबाई म्हणाल्या, "पण बातमी खरी वाटत नाही."

डॉक्टरांनी नवी कवळी करून दिली. तिच्यात मामंजींची जीभ अडखळे. मग त्यांनी बोलणंच सोडलं. जेवायलाही सगळ्यांच्या मागून एकटे बसू लागले. आमचे हे नोकरीपायी परगावी असायचे. घरात आवाज म्हणजे मामंजी-सासूबाईंचाच. घर एकदम मुकं झालं.

राहिल्या वन्सं. म्हणजे माझी नणंद. लग्न केलं नव्हतं, सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. डांबराखाली गाडली गेलेली व्हॉल्व्हची झाकणं यंत्राने हुडकणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी तसलंच एक यंत्र स्वतःसाठी घेतलं. लांब दांड्याला ताटलीएवढं चाक, कानांवर हेडफोन. साडी खोचून त्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या किनाऱ्यावर फिरत आणि बाटल्यांची बुचं, गळ, चमचे असला खजिना घेऊन येत. लोक त्यांना 'झाडूवाली' म्हणत. "झाडूवाली तर झाडूवाली," त्या म्हणत, "वाळू तरी स्वच्छ होते!"

"कवळीला धातूचा पत्रा आहे," कवळी गेली त्याच रात्री वन्सं म्हणाल्या होत्या. "यंत्राला कळेल."

"मग चला की!"

"आत्ता तिथे पुरुषभर पाणी आहे, वहिनी. अण्णा उधाणाच्या ओहोटीला पार खाली गेले होते, काळ्या खडकाच्या रेषेत. ती जागा रोज उघडी पडत नाही."

बंदराचं भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहून त्या लागोपाठ दोन दुपारी गेल्या. दोन्ही वेळा खडकापाशी गुडघाभर पाणी. पुढे भांग लागला, म्हणजे पाणी धड चढेना, धड उतरेना. पौर्णिमेपर्यंत थांबणं आलं. "ही शेवटची आशा," वन्सं मला हळूच म्हणाल्या. "एवढ्यात वाळूने गिळली नसली म्हणजे मिळवली."

पौर्णिमेनंतरच्या दुपारी त्या पुन्हा हात हलवत परत आल्या. हेडफोन टेबलावर आपटला.

"इतक्यात कशी आलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"ओहोटी संपली, आई. आता पाणी चढणार."

"कोण म्हणतं?"

"बंदराचं कोष्टक."

"मग बंदरात जाऊन शोध. इथलं पाणी अजून निघतंय."

"तुला काय ठाऊक?"

"इथे बसून दुसरं काय ऐकतेय मी? हल्ली तुझा बाप कुठे वाचतोय!"

वन्संनी कपाळावर हात मारला. "खाडी! बंदरात समुद्र थांबला तरी इथे खाडीचं पाणी बाहेर पडतच असणार. वरच्या कोरड्या वाळूत फिरणारी मी, मला कधी गरजच पडली नाही हे बघायची. वहिनी, चपला घाला!"

आम्ही दोघी चक्क पळत सुटलो. खडकापर्यंत वाळू उघडी पडलेली. पायथ्याशी एक पन्हळ, तीत गोटे आणि शिंपल्यांचा खच. "जड ते इथेच अडकतं," असं म्हणत वन्सं चाक फिरवू लागल्या. बूच निघालं, खिळा निघाला. मामंजी मागून काठी टेकत केव्हा आले ते मला कळलंच नाही. वन्सं एकदम थांबल्या. हेडफोन काढून खाली बसल्या, गोटे उपसले, आणि मुठीत काहीतरी घेऊन लाटेत खळबळून धुतलं.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "आता शिंकताना तोंडावर हात धरा." आणि ओल्या वाळूत फतकल मारून हसता हसता रडू लागल्या.

त्या संध्याकाळी मामंजींनी रद्दीतून पेपर काढले आणि आपण न वाचलेल्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली.

"शिळं आहे हो हे," मी म्हटलं.

"तिला सगळं ताजंच आहे," मामंजी म्हणाले. स खणखणीत होता. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

पुढे बरीच वर्षं ते वाचन चाललं. मामंजी गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कवळी काढू नका. तिकडे काही बोलावंसं वाटलं तर?" त्यानंतर त्यांनी कोणाकडून पेपर वाचून घेतला नाही, खिडकीशी बसून राहत, आणि तशाच एका दुपारी बसल्या बसल्या गेल्या. हे निवृत्त होऊन घरी आले. आता त्यांना ऐकू कमी येतं, पेपर मी ओरडून वाचते. वन्संचे गुडघे गेले तरी यंत्र त्यांनी शेवटपर्यंत पुसून ठेवलं. ते अजून दारामागे आहे.

कोष्टक अजूनही बंदराचंच छापतात. त्यातली वेळ टळून गेली की मी सासूबाईंच्या खुर्चीत बसते आणि खिडकी उघडते. पाणी अजून निघतच असतं.