जेटीची माफी

आमच्या धाकट्या मुलीचं, रोसेंटाचं, लग्न झालं आणि माझ्या बायकोच्या, केर्लिंडाच्या, डाव्या पायाची दोन बोटं कापली, ते एकाच वर्षी, २००३ साली. लग्न जूनमध्ये, बोटं ऑगस्टमध्ये. त्याच नोव्हेंबरात निवडणूक होती आणि सिनेटर रेमिहिओ अल्पेट पाचव्यांदा उभा होता.

केर्लिंडाला शुगर होती. जखम भरेना, म्हणून आठवड्यातून दोनदा पट्टी बदलायला बेटाच्या मुख्य शहरात, कोलोनियाच्या इस्पितळात न्यावं लागे. आमचा डोलेनपेई पाडा डोंगराच्या कुशीत, आणि पाडा व रस्ता यांच्यामध्ये ओढा. त्यावर पूर्वी दोन ओंडक्यांचा साकव होता, तो एका पुरात गेला. पाणी गुडघाभर असलं की रोसेंटाचा नवरा आयसेक सासूला पाठीवर घेऊन पार करी. कमरेच्या वर असलं की आम्ही काठावर बसून पाणी उतरायची वाट बघत असू. पलीकडे भाड्याचा ट्रक उभा असायचा. त्याचा चालक आधी भोंगा वाजवी, मग झोपी जाई.

या ओढ्यावर सिमेंटचा पूल बांधून देतो, असं रेमिहिओ पहिल्यांदा १९८७ साली बोलला होता.

त्याची आई आमच्या पाड्याची. आमच्यात माणूस आईच्या कुळाचा, म्हणजे तो आमचाच, हे नाकारता येत नाही. बाप कोलोनियात दुकान चालवायचा. पोरगा तिथेच वाढला, डब्यातले मासे खाऊन. पुढे ग्वाम बेटावर कॉलेजात गेला, दोन वर्षांनी पदवीऐवजी चष्मा घेऊन परतला. मासेमारी खात्यात चिकटला. तिथे त्याने मासे साठवायला एक भलामोठा शीतपेटारा मागवला आणि जिथे वीज पोचलेली नव्हती अशा गावात नेऊन ठेवला. त्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. एवढं झाल्यावर तो लोकांची सेवा करायला मोकळा झाला.

सप्टेंबरमध्ये त्याचा छापील कागद घरोघर आला. वर फोटो, गळ्यात फुलांचा हार. जेवण झाल्यावर आयसेकने तो मोठ्याने वाचला.

"उच्च शिक्षण, ग्वाम," आयसेक म्हणाला.

"विमानतळावर घेतलं असेल," केर्लिंडा म्हणाली.

"मत्स्यव्यवसायातला दांडगा अनुभव."

"कोंबड्यांना विचारा."

"आई, हसवू नका, मला वाचू द्या. चार निवडणुका लढवल्या, तीन जिंकल्या. पहिली दोनशे बारा मतांनी. १९९५ साली थोडक्यात विश्रांती घेतली."

"विश्रांती?" मी म्हणालो. "आपटला होता तो, एक्केचाळीस मतांनी."

"पुढची धोरणं. एक, मासेमारी. दोन, तरुणाई. तीन, जेटी आणि बंदरं. चार, आपली संस्कृती जपणं."

"आणि पूल?" रोसेंटाने विचारलं.

आयसेकने कागद उलटा केला. मागे कोरं होतं.

आमच्याकडे सुरणाएवढे नव्हे, माणसाएवढे कंद पिकतात. मेजवानीला एखादा माणूस आठ जणांनी खांद्यावर उचलून आणावा लागणारा कंद आणतो आणि मान खाली घालून म्हणतो, "लहानसाच आहे, लाज वाटते." दुसऱ्याच्या कंदाकडे टक लावून बघणंसुद्धा वाईट. या कागदात रेमिहिओने वाटीत मावेल एवढा कंद आणला होता आणि आठ जणांचा आव आणला होता. माझ्या आयुष्यात एवढा निर्लज्ज कागद मी पाहिला नव्हता. तरी केर्लिंडाने तो जपून ठेवला. कागद जाड होता, केळीची पानं नसली की त्यावर मीठ ठेवता येत होतं.

आता तो तीनदा कसा निवडून आला, ते सांगायला हवं, नाहीतर आम्ही मूर्ख होतो असं वाटेल. होतोच, पण आमची रीत आमच्यापेक्षा जुनी आहे.

साकाउ म्हणजे एका झाडाचं गुंगी आणणारं मूळ. दगडावर कुटायचं, जास्वंदीच्या सालीत पिळायचं, करवंटीतून प्यायचं. कुणी कुणाचा गुन्हा केला, अगदी खून जरी केला, आणि साकाउचं अख्खं झाड उपटून माफी मागायला आला, तर त्याला परत पाठवता येत नाही. प्याला घ्यावाच लागतो. आणि प्याला घेतला की तो विषय संपला. पुन्हा कधी त्याचं नाव काढायचं नाही. काढलं तर मग काढणाराच गुन्हेगार. या रीतीने आमच्या बेटावर कितीतरी सूड थांबले. ज्याने ती घातली त्याच्या डोळ्यांपुढे कुणी उमेदवार नसावा.

१९९१ साली पूल झालेला नव्हता. लोक चिडले होते, काहींनी कोयते घासून ठेवले होते असं बोलायचे. रेमिहिओ झाड घेऊन आला. आम्ही प्यालो. विषय संपला, मग मत कुणाला द्यायचं? विरोधात जाऊन बोलायचं काय? पुलाचं नाव काढणं तर आता आम्हालाच बंद. १९९५ साली त्याला वाटलं, आता हे आपले झाले. झाड आणलं नाही, तांदळाच्या गोण्या आणि टर्की कोंबड्यांची गोठवलेली शेपटं वाटली. आम्ही शेपटं खाल्ली आणि त्याला पाडला. १९९९ साली तो शहाणा होऊन पुन्हा झाड घेऊन आला.

२००३ साली तो ऑक्टोबरच्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर येणार असा निरोप आला. पाड्याचा प्रमुख, म्हातारा इग्नास, मला बोलावून म्हणाला, "सौलिक, तुझ्या बायकोला घरीच ठेव."

सौलिक हे माझं मानाचं पद, मला नावाने कुणी हाक मारत नाही. मी म्हणालो, "तिला कोण ठेवणार? तू ठेवून बघ."

केर्लिंडा आली. आयसेकच्या पाठीवर बसून आली. आमच्या मेजवानीच्या घरात प्रमुखासमोर कुणी पाय पसरून बसत नाही. इग्नासने तिच्या पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पसर." ती बायकांच्या ओट्यावर पाय लांब करून बसली. पट्टीवर माश्या बसत होत्या. रोसेंटा पानाने वारा घालत होती.

रेमिहिओ आला. बारा माणसं, एक झाड, एक डुक्कर. झाड मोठं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. तो स्वतः खाली मान घालून मध्यभागी बसला. माफी मागणारा बोलत नाही, त्याच्या वतीने दुसरा बोलतो. त्याचा मामा उठला आणि जुन्या आदराच्या भाषेत बोलू लागला. हा आमचा पोरगा चुकला, त्याच्या चुका पर्वताएवढ्या, तुमचं मन समुद्राएवढं. मामाला ते पाठ होतं. आम्हालाही पाठ होतं, तिसरी खेप होती. चार जण दगडावर मूळ कुटत होते, रस निघाला. पहिली करवंटी भरली आणि इग्नासकडे निघाली.

"थांबा," केर्लिंडा म्हणाली.

करवंटी धरलेला माणूस तसाच वाकून उभा राहिला.

"रेमिहिओ, बाळा," ती म्हणाली, "तू माफी कशाची मागतोस?"

"केर्लिंडा," इग्नास हळूच म्हणाला, "असं विचारत नाहीत."

"मला माहीत आहे विचारत नाहीत. म्हणून तर बारा वर्षं कुणी विचारलं नाही. पोर आपलंच आहे. त्याच्या आईने आणि मी एकाच ओढ्यावर कपडे धुतले. आपल्या पोराला विचारायला काय झालं?"

मामा म्हणाला, "ताई, सगळ्या चुकांची मागतो तो."

"सगळ्या नकोत. माझा नवरा एकेक गुन्ह्याची माफी वेगळी मागतो, तरी मला पुरत नाही. एक सांग."

बायका हसल्या. पुरुष छताकडे बघू लागले. रेमिहिओने मान वर केली. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. तो मामाकडे बघत होता आणि मामा डुकराकडे. तेव्हा मला कळलं. ह्याला आठवत नव्हतं. किती पाडे, किती झाडं, किती वचनं. हा माणूस तीन वेळा आमच्यापुढे मान घालून बसला होता आणि आपण कशासाठी बसलोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

शेवटी तो घसा खाकरून म्हणाला, "जेटी... जेटी अजून झाली नाही, त्याची मला फार लाज वाटते."

कुटणारे थांबले.

डोलेनपेईपासून समुद्र चालत दीड तास खाली आहे. मागच्या ओट्यावरून म्हातारा पेंसिलिओ म्हणाला, "जेटी होऊ दे रे! मी होडी घेऊन ठेवतो. समुद्र काय, येईल मागाहून."

आणि मग जे हसू फुटलं, ते थांबेना. इग्नासचेही खांदे हलत होते. मामाने रेमिहिओच्या कानात काहीतरी सांगितलं.

"पूल!" रेमिहिओ म्हणाला. "पूलच म्हणायचं होतं मला. ओढ्यावरचा पूल."

"जे आधी म्हणालास ते म्हणालास," केर्लिंडा म्हणाली.

माफी नाकारणं इग्नासला शक्य नव्हतं. त्याने करवंटी घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जेटीची माफी डोलेनपेईने दिली." आणि प्याला. मग मी प्यालो. जेटीचं वचन खालच्या पाड्याला दिलेलं होतं, त्यामुळे माफी द्यायला आम्हाला काहीच जड गेलं नाही. पुलाचा विषय मात्र रेमिहिओने स्वतःच्याच तोंडाने पुन्हा काढला होता आणि त्याची माफी झाली नव्हती, म्हणून तो उघडा राहिला. आता त्याचं नाव आम्हाला काढता येत होतं, आणि महिनाभर आम्ही दुसरं काही बोललो नाही.

रेमिहिओ उतरून जाताना ओढ्यात घसरला. आयसेकने त्याला हात दिला. चष्मा गेला तो गेलाच.

घरी येताना मी केर्लिंडाला म्हणालो, "आज तू त्याला मारलंस."

"मारलं नाही," ती आयसेकच्या पाठीवरून म्हणाली. "मारून पूल मिळत असता तर कधीच मारला असता. मला वाटलं, त्याला पूल आठवेल. निदान आठवेल तरी."

निवडणुकीत डोलेनपेईने त्याला सहा मतं दिली. त्यातली चार त्याच्या मामाच्या घरची. विरुद्ध शाळामास्तर विल्टर उभा होता, त्याला आम्ही एकशे तीन दिली. रात्रभर आम्ही खूश होतो. सकाळी रेडिओवर कळलं, रेमिहिओ अडतीस मतांनी आला. खालच्या पाड्याने, जेटीवाल्या पाड्याने, त्याला भरभरून मतं दिली होती. आमच्या आदल्या दिवशी तो तिथे झाड घेऊन गेला होता आणि तिथे कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. ते मुकाट प्याले होते.

पाड्यात लगेच सुरू झालं. केर्लिंडाने तोंड उघडलं नसतं तर. आता तो चार वर्षं डोलेनपेईचं तोंड बघणार नाही. पेंसिलिओ, जो सगळ्यात मोठ्याने हसला होता, तोच म्हणू लागला, "बाईमाणसाने बैठकीत बोलू नये." मी त्याच्या घरी गेलो आणि विचारलं, "आधी दोनदा आपण मुकाट प्यालो, तेव्हा पूल कुठे झाला रे? तुझ्या पोटात?" पण त्यांचं एक खरं होतं. रेमिहिओ दुखावला होता, आणि असल्या माणसाला मदत करायला जमत नसलं तरी राग धरायला चांगलं जमतं.

डिसेंबरात रस्ते खात्याचे दोघे आले. ओढ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक, लाल रंगाचे खुंट ठोकले आणि गेले. आयसेक म्हणाला, बघा, होणार आता. पुढच्याच महिन्यात ते खुंट उपटायला तेच दोघे आले. पूल खालच्या पाड्याच्या रस्त्यावर हलवला होता. तिथे ओढा नाही. तिथे एक नाली आहे, मी ती एका ढांगेत ओलांडली आहे.

केर्लिंडाने ते ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पूल आठवला त्याला?"

"आठवला," मी म्हणालो.

"मग झालं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस पाऊस लागला. सोमवारी पहाटे तिला ताप भरला, पाय घोट्यापर्यंत काळा झाला. आम्ही सकाळी सातला काठावर पोचलो. पाणी आयसेकच्या छातीवर होतं. त्याने दोनदा उतरून पाहिलं, दोन्ही वेळा पाण्याने त्याला खाली ओढलं. पाड्यातली पोरं दोर घेऊन आली. पलीकडचा ट्रक भोंगा वाजवत होता. केर्लिंडा ताडपत्रीखाली माझ्या मांडीवर होती. ती मला काहीतरी सांगत होती, पण पाण्याच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणत गेलो. दुपारी एक वाजता दोराला धरून सहा जणांनी तिला डोक्यावरून पार नेलं.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी गुडघ्याखाली पाय कापला. त्यांनी मला विचारलं, "लवकर का आणलं नाही?" मी सांगितलं, आणलं होतं, काठापर्यंत.

माझी बायको केर्लिंडा कोलोनियाच्या इस्पितळात ११ फेब्रुवारी २००४ रोजी, बुधवारी, सकाळी वारली.