वाळ्याचा पंखा

तेहेतीस सालच्या उन्हाळ्यात आमच्या वकीलसाहेबांच्या मोटारीला एक विचित्र खोड लागली. पंखा बंद असला की गाडी सुरळीत धावायची. पंखा लावला की दोन-तीन मैलांत इंजिन अडखळायला लागायचं आणि चढ आला की उचकी लागल्यासारखं थांबायचं.

असा पंखा सोलापुरात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. साहेबांनी तो स्वतःच्या डोक्यातून काढला होता. इंजिनाच्या मागच्या अंगाला लाकडी पेटी, तिच्यात इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा आणि त्याच्यापुढे वाळ्याचा पडदा. वरच्या डब्यातून पडद्यावर पाणी ठिबकायचं आणि गार, सुवासिक वारा मागे बसलेल्या साहेबांच्या तोंडावर यायचा. डबा भरायचं काम माझं. मी एकनाथ, साहेबांचा कारकून. जिथे तिथे नाक खुपसायची मला जन्मजात सवय. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो हे पाहून यंदापासून मी डब्यात मूठभर खडेमीठ टाकू लागलो होतो, कोणाला न सांगता. यंदा वारा जास्त गार येतो असं साहेब म्हणाले, तेव्हा मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली होती.

गाडी चालवायचा बसप्पा. अकरा वर्षांत त्याने एकदाही गाडी कुठे घासली नव्हती. त्याने पेट्रोलची नळी साफ केली, प्लग घासले, पट्टा सैल करून पाहिला. खोड काही जाईना. मला तर झोप लागेना, कारण एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही की माझं डोकं खाजतं. माझा तर्क असा की पंखा ओढताना इंजिनाला भार झेपत नसावा. रविवारी आम्ही दोघं साहेबांना न घेता वळसंगच्या रस्त्याला निघालो. पडदा कोरडा, पंखा मात्र पुरता चालू. जाऊन-येऊन गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. म्हणजे भाराचं कारण खोटं ठरलं. मोठ्या उत्साहाने मी हे साहेबांना सांगितलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे मी गाडीत नसलो की पंखा चालतो," ते म्हणाले.

वकिलाचं डोकं ते. गाडीत बिघाड सापडला नाही, तर तो माणसात असला पाहिजे. पंखा बसवला त्या दिवशी बसप्पा बोलून गेला होता की इंजिन गाडी ओढायला असतं, वारा घालायला नाही. ते वाक्य साहेब विसरले नव्हते. त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं: बसप्पा मुद्दाम गाडी बिघडवतो, सबब त्याला कामावरून कमी केलं आहे. बुधवारी साहेबांना कामासाठी टेंभुर्णीला जायचं होतं; तिथून परतल्यावर ते त्याच्या हातात द्यायचं होतं. असं पत्र घेऊन फिरणाऱ्या माणसाला जिल्ह्यात कोण गाडीवर बसवणार? मला वाईट वाटलं. तरी मी ते लिहिलं, आणि नेहमीसारखं वळणदार लिहिलं.

बुधवारी निघालो. पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं. मोहोळच्या पुढे चढावर गाडी आचके देऊन थांबली. साहेब उतरले आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. बसप्पाने बॉनेट उघडलं. मधूनमधून तो माझ्या कोटाकडे पाहत होता. मला वाटतं, त्याला पत्राचा वास लागला असावा.

तेवढ्यात शेरडांचा कळप आला. एका शेळीने पायरीवर पुढचे पाय ठेवून थेट इंजिनात तोंड घातलं आणि पेटीच्या खालची कड चाटू लागली. बसप्पाने हाकललं तरी ती परत आली. मागून केराबाई नावाची धनगरीण काठी टेकत आली. शेळीला गाडीत काय आवडलं, असं मी गमतीने विचारलं.

"मार खाईल, पन सोडायची न्हाय," ती म्हणाली. "मीठ हाय की तितं."

मी वाकून पाहिलं. पट्ट्यासाठी पेटीला पाडलेल्या भोकातून पाण्याचा ओघळ खाली आला होता. तो जिथे मॅग्नेटोच्या तारांवर पडत होता, तिथे पांढरी खरपुडी साचली होती. या तारांमधून इंजिनाला ठिणगी जाते. मी बोट लावून जिभेला टेकवलं. बसप्पानेही टेकवलं. पंखा लागला की खारं पाणी उडून तारा भिजायच्या आणि ठिणगी वाटेतच गळून जायची. गेल्या वर्षी साधं पाणी होतं आणि रविवारी पडदा कोरडा होता, तेव्हा तक्रार नव्हती. अखेर कोडं सुटलं, आणि मला वाटलं ते सुटलं नसतं तर बरं झालं असतं.

"काय सापडलं, एकनाथराव?" साहेबांनी सावलीतून विचारलं.

डबा कोण भरतो हे बसप्पाला माहीत होतं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. 'रस्त्याची धूळ' एवढं म्हटलं असतं तरी माझं भागलं असतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि सुळीचा कागद माझ्याच खिशात. मी लिंबाखाली गेलो आणि कुल्फीवाल्यापासून सगळं सांगितलं.

साहेबांनी हात पुढे केला. मी पत्र दिलं. त्यांनी ते उघडून सबंध वाचलं, जणू प्रथमच वाचत होते. मग गाडीपाशी येऊन त्यांनी ते बसप्पाला दिलं. "हे तुझ्यासाठी लिहिलं होतं. चूक माझी आणि याची. आता त्यावर नाव याचं घालायचं की ते फाडायचं, तू सांग."

बसप्पाला मराठी वाचता येत होतं. त्याने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली आणि कागद उलटा करून पाहिला.

"आदी तारा पुसूंद्या, साहेब," तो म्हणाला. "कापड लई तेलकट हाय. कागद बरा हाय ह्यो."

त्याने सुरईतलं गोडं पाणी कागदावर ओतलं, त्याचा बोळा केला आणि एकेक तार घासून पुसली. मी शेळीचे कान धरून उभा होतो. गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली, आणि टेंभुर्णीपर्यंत चक्रावर त्याची बोटं माझ्या शाईने निळी दिसत राहिली.