फोकस वाढव

माह्या जिभेले हाड नाई, हे अख्ख्या करडी गावाले माहीत आहे. लाईनमन ताराचंद मले दुरून पाहिलं का रस्ता बदलते. पण एक शब्द मी जिंदगीभर जपून बोलली, आन त्याच शब्दानं माहं वाटोळं केलं. पहिल्यापासून सांगते, मधात टोकू नका.

आमच्या बुढ्याचं नाव डोमा. जिवंतपणी मी कधी नाव घेतलं नाई. आता घेते, कोण रागावते? तीस वर्षं राईस मिलमधे कोंड्याच्या धुळीत काम केलं त्यायनं. छातीत भरली ती धूळ भरलीच. शेवटी डॉक्टर म्हणाला, हवेतून ऑक्सिजन गाळून देणारी मशीन घरी ठेवा, नाकाची नळी चोवीस तास काढू नका. मशीन आली. पण आमच्याकडची लाईन म्हणजे पाव्हणी. आली तं आली, नाई तं नाई. म्हणून पोरानं, अश्वजितनं, छपरावर सोलरच्या चार पाट्या बसवल्या. आतल्या खोलीत इन्व्हर्टर आन दोन मोठ्या बॅटऱ्या.

रोज सकाळी मी शिडी लावून ओल्या लुगड्यानं पाट्या पुसायची. हे खाटेवरून ओरडायचे, "पडशील ना बुढे!" मी वरून म्हणायची, "पडली तं दुसरी करा." मिक्सर, पाण्याची मोटर, इस्त्री, जे काही असंल ते ऊन डोक्यावर असताना. ऊन उतरलं का घरात एक बल्ब, एक पंखा आन मशीन, बस. इन्व्हर्टरवर बॅटरीच्या चार काड्या दिसायच्या. डोळा उघडला का यायचा पहिला सवाल, "किती काड्या?" मी "चार" म्हटलं का मंग चहाच्या कपाले हात लावत. बॅटरीत डिस्टिल वॉटर टाकायले मी बसली का हे म्हणायचे, "मले गोळी देताना तुहा हात कापत नाई, तिले पाणी पाजताना कापते." मी म्हणायची, "तुमचा जीव तिच्यात आहे म्हणून कापते." मस्करी होती, पण खोटी नव्हती.

बोर्डाच्या बटनाले मी कोणाले हात लावू देत नव्हती. आन घरात 'बंद कर', 'विझव' म्हणायचं नाई, असा माहा कायदा. माही माय दिवा विझव असं कधी म्हणत नव्हती, दिवा वाढव म्हणायची. ज्या घरात माणूस मशीनच्या दमावर जगून राहिला, तिथं लाईट बंद कर कोणत्या तोंडानं म्हणावं? मीही वाढवच म्हणायची. हे हसायचे. "छप्पनमधे आपल्या बापायनं दीक्षा घेतली, आन तू अजून शब्दाले भेते?" भेते, म्हटलं. तुमच्यासाठी भेते.

उन्हाळ्यात अश्वजितचं लग्न झालं. सून दीपमाला, भिलाईची. माणसं आपलीच, पण जन्म तिकडचा, शाळा हिंदी. कारखान्याच्या क्वार्टरमधे वाढली, म्हणून लाईट जाते म्हणजे काय होते हे तिले करडीत येऊन कळलं. सासऱ्याशी तिचं असं जमलं का मले जळण व्हायची. हे तिले मराठी शिकवत, चुकली का दोघंही खो-खो हसत, मंग यायले खोकला लागे आन मी दोघायलेही शिव्या देई. पोरगी मनानं सोनं आहे. हे मी आधीच सांगून ठेवते.

दिवाळी झाली, धान कापलं, आन अवकाळी पाऊस आला. तीन दिवस सूर्याचं तोंड नाई. जेवढं धान उचलता आलं तेवढं आणून आम्ही घरापुढच्या सपरीत पसरलं. तिथं मळणीचे दोन मोठे हॅलोजन टांगले आहेत, आम्ही फोकस म्हणतो. तिसऱ्या दिवशी सकाळी लाईन होती, म्हणून मी एक फोकस लावला. धानाले तेवढीच ऊब. अश्वजित घरातला लहान ऑक्सिजनचा सिलेंडर भरून आणायले भंडाऱ्याले गेला होता. अकराच्या सुमारास कुठंतरी तारेवर झाड पडलं आन लाईन गेली. सारं बॅटरीवर आलं. इन्व्हर्टरवर तीन काड्या होत्या. मशीन एकटी चालली असती तं दिवेलागणीपर्यंत पुरल्या असत्या, आन पोरगा चार वाजेपर्यंत येणार होता. भ्यायचं काही कारण नव्हतं.

पण माहं डोकं तापलं. ताराचंदचा फोन लागून नाई राहिला. म्हटलं, थांब लेका, येतेच मी. छत्री घेतली, मागं बोर्डाकडं न वळता दारातूनच दीपमालेले आवाज दिला, "मी लाईनवाल्याकडं जाऊन येते. तो फोकस वाढव, आन बाबाजवळ बस."

"हो आई," ती म्हणाली.

यायनं खाटेवरून हात वर केला. "जास्त भांडू नको वं," म्हणाले. माह्याशी तेच शेवटचं बोलले.

आन मी भांडली ना! ताराचंद बिचारा गुडघाभर चिखलात उभा राहून झाड तोडून राहिला होता, आन मी कमरेवर हात ठेवून त्याच्या सात पिढ्या उद्धरून राहिली होती. चार बाया जमल्या, तसा मले अजून जोर चढला. खरं सांगू? मजा येऊन राहिली होती मले. तास-सव्वा तास गेला असंल. मंग पाहते तं रस्त्यानं दीपमाला धावत येऊन राहिली, पायात चप्पल नाई, केस मोकळे.

"आई, मशीन सीटी मारून बंद पडली!"

घरी पोचली तं इन्व्हर्टरवर एकही काडी नाई. हे खाटेच्या काठावर दोन्ही हात टेकून वाकलेले, ओठ निळे झालेले. मी पाठ चोळली, सुपानं वारा घातला, देवाले नाई मानत तरी सगळ्या देवायले हाका मारल्या. ताराचंद माह्यामागंच आला होता, त्यानं ॲम्बुलन्सले फोन केला. ते म्हणाले, नाल्यावर पाणी आहे, थांबावं लागंल. यायनं इन्व्हर्टरकडं बोट केलं. बोलवत नव्हतं, पण मले कळलं. किती काड्या, हेच विचारून राहिले होते.

मी म्हटलं, "चार."

मान हलवली त्यायनं. मंग माह्या खांद्यावर डोकं टेकवलं, ते उचललंच नाई. साडेतीन वाजता अश्वजित आला, खांद्यावर भरलेला सिलेंडर घेऊन.

तीन काड्या सव्वा तासात कशा गेल्या, ते कोणाले समजत नव्हतं. अश्वजित बॅटरीवाल्याले फोनवर शिव्या देऊन राहिला होता, देता देता रडत होता. मी कोपऱ्यात बसून विचार करून राहिली, का माह्याकडूनच पाणी कमी पडलं असंल बॅटरीत. दीपमाला माह्या पाठीले पाठ लावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैतीची तयारी झाली. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे आम्ही बौद्धायनं सोडलं आहे. पण म्हाताऱ्यायच्या तोंडून जुनं जात नाई. शेजारची सुमनबाई दीपमालेले म्हणाली, "सूनबाई, सासूच्या बांगड्या वाढव वं."

दीपमालेनं माह्या हाताकडं पाहिलं. हातात दोन-दोनच काचेच्या बांगड्या होत्या. ती उठली, आत गेली, आन आपल्या लग्नाच्या चुड्याचा डबा घेऊन आली. माह्यापुढं बसली, माहा हात मांडीवर घेतला आन एक-एक हिरवी बांगडी चढवू लागली. डोळ्यातून धारा लागलेल्या. म्हणाली, "आई, इतक्या बस का? अजून वाढवू?"

सुमनबाई किंचाळली, "अवं येडे, काय करून राहिली! वाढव म्हणजे काढून टाक!"

दीपमाला तशीच राहिली, बांगडी माह्या बोटाशी धरून. मी मान वर करून बोर्डाकडं पाहिलं. दोन्ही फोकसचे बटन खाली दाबलेले होते.

पोरीनं काय वाईट केलं? बटनाले मी तिले कधी हात लावू दिला नाई, तं माहा तो शब्द तिले कसा माहीत असंल? धान ओलं होतं. सासूनं फोकस वाढव म्हटलं. तिनं वाढवला.

मी कोणाले काही बोलली नाई. बांगड्या तशाच राहू दिल्या, सुमनबाईले म्हटलं, राहू दे, घालू दे तिले. मैत झाली. धानाकडं कोणी पाहिलं नाई, खालचा थर सडून वास सुटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईन आली. सपरीत दोन्ही फोकस एकदम लागले, डोळे दिपले. दीपमाला दाराशी उभी होती. तिनं फोकसकडं पाहिलं, मंग माह्याकडं. तोंड पांढरं पडलं होतं तिचं.

"आई," ती हळूच म्हणाली, "उस दिन तुम्ही वाढव म्हटलं, तर मी दुसरा पण लावला. फोकस वाढव म्हणजे पण..."

मी तिचे दोन्ही हात धरले. माह्या हातातल्या तिच्याच बांगड्या वाजल्या.

"नाई वं," मी म्हटलं. "फोकस वाढव म्हणजे वाढवच. बरोबर केलं तू. बॅटरीच खराब होती. पाहा, धान कसं वाळलं."

ती माह्या तोंडाकडं पाहून राहिली. मंग नाक पुसून तिनं विचारलं, "मग आता हे राहू देऊ?"

"नाई," मी म्हटलं. "बंद कर."