मिशी, पिशवी आणि दुर्बीण

पैज लागली ती सलूनमध्ये, मिशीकाकांच्या गळ्याला पांढरं कापड बांधलेलं असताना. माणूस खुर्चीत अडकलेला, गालाला फेस, तरी तोंड बंद नाही.

"दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणे!" काका आरशातूनच सगळ्यांना दम देत होते. "पोट म्हणजे काय आभाळ आहे, दुर्बीण लावून तारे बघायला? ऑपरेशन कशाला म्हणतात बघायचंय? हे बघा!"

आणि त्यांनी कापडासकट शर्ट वर केला.

बघायचं कुणालाच नव्हतं. बरगडीखालून निघून बेंबीकडे वळलेली ती वीतभर खूण सगळ्या गल्लीला पाठ होती. जुन्या काळी पित्ताशय काढलं त्याची. काका ती पदकासारखी मिरवायचे. नवा भाडेकरू आला की चहाच्या आधी खूण.

"महिनाभर पलंगावर होतो मी, महिनाभर! कूस बदलायला दोन माणसं लागायची."

"काका, शर्ट खाली घ्या, गिऱ्हाइकं पळतील," सलूनवाला म्हणाला.

शेजारची डेअरीवाली मावशी दारात उभी राहून मजा बघत होती. तिच्यामागून काकांची सून आत डोकावली. सून शाळेची बस चालवायची, त्यामुळे गल्लीत तिचं नाव ड्रायव्हरीण. कुठल्याही बोळात बस घालायची आणि आरसा न दुमडता बाहेर काढायची, अशी तिची ख्याती.

"बाबा, माझ्या पोटाची चर्चा सलूनमध्ये चाललीय, तर मीही बसते की," ती म्हणाली आणि बाकावर बसली.

तिच्या गर्भाशयात गाठी होत्या. पाळी आली की रक्त थांबायचं नाव नाही. बसच्या सीटवर जाड टॉवेल टाकून ती मुलांना शाळेत सोडायची आणि घरी जिना चढताना कठडा धरायची. दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा राहिलं नाही. मोठ्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं होतं, "पिशवी काढून टाका." त्यावर सासऱ्यांनीच मान डोलावली होती. नवरा शेजारी होता, पण त्याचं घरात पंख्यासारखं होतं, डोक्यावर फिरायचा, बोलायचा नाही.

"पिशवी कुणाची?" तिने तिथेच विचारलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली होती.

मग ती थेट चौकापलीकडे, सलूनवाल्याच्या मुलीकडे गेली. ती मूल न होणाऱ्यांची डॉक्टर. गाठी, चिकटलेल्या नळ्या, सगळं दुर्बिणीतूनच करायची. काकांना तेच खुपत होतं.

"ती स्टूलवाली!" काका म्हणाले. "इथे, या खुर्चीमागे, स्टुलावर उभी राहून माझ्या मानेवरचे केस झटकायची. आता ती माझ्या सुनेच्या पोटात हात घालणार?"

"हात घालणारच नाही ती, बाबा. तीच तर गंमत आहे."

"मग काय, फुंकर घालणार? लिहून ठेव सूनबाई. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तू आपला जिना स्वतःच्या पायांनी चढलीस ना, तर ही मिशी उतरवीन. चौकात! खुर्ची टाकून!"

ही मिशी साधीसुधी नव्हती. काका तिला रोज तेल लावायचे, झोपताना फडक्याने बांधायचे. काकूंनी लग्नानंतर काकांचा वरचा ओठ पाहिलाच नव्हता.

"आणि नाही चढले तर?"

"तर स्टूलवालीने पाटी उतरवायची आणि इथे येऊन केस झाडायचे."

"तिच्या पाटीवर मी पैज लावत नाही," सून म्हणाली. "माझी माझ्यावर लावते. नाही चढले, तर रोज सकाळी तुमची खूण बघेन आणि रोज 'वाह' म्हणेन. जन्मभर."

"अगं बाई!" मावशीने तोंडावर हात घेतला. "एवढं मोठं नको लावू!"

पण टाळी पडली होती. साक्षीदार मावशी.

डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या.

"पैज तुमची. मी त्यात नाही. मी पोट बघून ठरवणार, मिशी बघून नाही. आत रक्त थांबलं नाही, तर मी पोट उघडेन. आणि अगदीच जिवावर बेतलं तर पिशवीही काढेन. ते आत्ताच बोलून घेऊ."

"माझा जीव आधी, ते कबूल. पण पिशवी वाचवायला जीव तोडून बघणार ना?"

"ते तुम्ही विचारायलाच नको."

"आणि मूल होईल?"

"शब्द देणार नाही. जागा नीट करून देईन. पुढचं पुढे बघू."

असं सरळ आजवर तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं. टेबलावर एक बुटांचा खोका होता, झाकणाला भोकं पाडलेली. त्यातून लांब चिमटे आत गेले होते आणि छोट्या पडद्यावर आत ठेवलेलं द्राक्ष दिसत होतं.

"हे काय, डबा की जेवण?"

"माझी तालीम. करून बघा."

सुनेने चिमटा डावीकडे नेला. पडद्यावर टोक उजवीकडे पळालं. वर नेला, तर खाली. द्राक्षाचा चेंदामेंदा झाला.

"सगळ्यांचं असंच होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भोकाशी टेकलं की दांडा उलटा चालतो. शिकताना माझे सर म्हणायचे, बायकांनी गोळ्या द्याव्यात, पाठीवरून हात फिरवावा, चिमटे आम्ही धरू. वर हेही कानावर यायचं, की न्हाव्याची पोर, हिला वस्तराच बरा. मग एक दिवस सरांचा हात दुखावला आणि चिमटे माझ्या हातात आले. माझी मनगटं गोंधळलीच नाहीत. गोंधळतील कशी? मी स्टुलावर उभी राहून आरशात बघून गिऱ्हाइकांच्या कानामागचे केस कापत मोठी झाले. उलट्याचं सुलट करणं हातातच बसलंय. सर म्हणाले, कुठे शिकलीस? मी म्हटलं, केशकर्तनालयात. मुद्दाम मोठ्याने म्हटलं."

सुनेने खोक्यात दुसरं द्राक्ष ठेवलं. "सोला बघू."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बघत ते सोललं. साल अखंड निघाली, थेंबभर रसही सांडला नाही. सुनेने ते द्राक्ष खाल्लं आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

शुद्धीवर येताना तिला पहिल्यांदा दिव्याचा गोळा दिसला, मग डॉक्टरीणबाईंची टोपी.

"आहे का?" तिने विचारलं. जीभ जड, पण प्रश्न पक्का.

"आहे. जागच्या जागी. गाठी गेल्या, पिशवीला आतून टाके घातलेत, छान शिवलीय."

सून रडली नाही. तिने फक्त हात पोटावर ठेवला. तिथे चार छोट्या पट्ट्या होत्या, दाढी करताना कापल्यावर लावतात तेवढ्या.

दुसऱ्या दिवशी रिक्षा इमारतीखाली थांबली तर खाली जत्रा जमलेली. मावशी डेअरी उघडी टाकून आली होती. काकांनी मात्र जय्यत तयारी केली होती. हात असलेली खुर्ची, तिला दोन बांबू आणि उचलायला दोन दांडगे गडी.

"बैस सूनबाई, हट्ट नको. आपलंच माणूस आहेस."

"खुर्ची राहू दे बाबा. संध्याकाळी तुम्हालाच लागेल."

ती चढायला लागली. एक हात कठड्याला, एक उजव्या खांद्यावर. मागून काका. पहिल्या वळणावर ती थांबली.

"थांबली! थांबली!"

"थांबू नये असं ठरलं नव्हतं," खालून मावशी ओरडली.

"आणि हात खांद्यावर कशाला? पोट सोडून खांद्याचं ऑपरेशन केलं काय त्या स्टूलवालीने?"

"पोट फुगवायला गॅस भरतात, बाबा. थोडा उरतो, तो खांद्यात दुखतो. उतरेल." तिने दम घेतला. "तुमचा गॅस मात्र उतरायचं नाव नाही."

जिना हसला. आणि तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा पंखा बोलला. नवरा वरून म्हणाला, "ये, दार उघडं आहे." ती उंबरठा ओलांडून आत गेली आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली हात हलवला.

काका लगेच थोडेच मानणार? "ऑपरेशन झालंच नाही!" त्यांनी चौकात जाहीर केलं. "टाके कुठायत? खूण कुठाय? नुसतं झोपवून परत पाठवलंय!"

सुनेने हे खिडकीतून ऐकलं. आठवडाभराने ती सावकाश चालत सलूनमध्ये आली आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून सलूनवाल्याला दिला.

"लावा टीव्हीवर. डॉक्टरांनी आतलं सगळं रेकॉर्डिंग दिलंय."

"अगं, चारचौघांत?" काका दचकले. "लाज नाही?"

"चारचौघांत तुम्ही रोज शर्ट वर करता. माझं पोट, माझी मर्जी. ज्याला बघायचं नसेल त्याने डोळे मिटावेत."

कुणी मिटले नाहीत. पडद्यावर गुलाबी, ओलसर, चकाकणारं काहीतरी. चिमट्यांनी उकडलेल्या अंड्यासारखी गाठ हलकेच सोलून काढली. मग सुई आली. टाका, गाठ. टाका, गाठ. सलूनवाला कात्री विसरून नुसता बघत राहिला. "मनगट बघा," तो पुटपुटला. "मनगट बघा पोरीचं."

काका उठले, खुर्ची उचलली आणि स्वतःच चौकात नेऊन ठेवली.

"बोलवा स्टूलवालीला," ते म्हणाले. "तिच्या बापाचा हात हसून थरथरतोय. ओठ कापेल."

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या कोटावरच आल्या. सलूनवाल्याने आरसा समोर धरला. त्या काकांच्या मागे उभ्या राहिल्या, आरशात बघत, आणि वस्तरा चालवला. अर्धी मिशी गेली तेव्हा मुलांनी शिट्ट्या मारल्या. उरलेली गेली तेव्हा काकू गर्दी सारून पुढे आल्या, डोळे बारीक करून बघितलं.

"अगं बाई! मी हो म्हटलं होतं ते हेच तोंड! एवढी वर्षं कुठे होतं?"

काकांनी ओठावरून बोट फिरवलं. गार लागला. सगळी गल्ली हसत होती, त्यांना काहीतरी करून पत सावरायलाच हवी होती. त्यांनी शर्ट वर केला.

"मिशी जाऊ दे. ही तर आहे ना!"

सून पुढे आली. खूण नीट निरखली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वाह," ती म्हणाली. "पण हे शेवटचं, बाबा. मी जिंकलेय."