गिगाहर्ट्‌झ महाराजांची फुंकर

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या त्या हॉलबाहेर रविवारी सकाळीच ही भलीमोठी रांग! प्रत्येकानं लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा छातीशी धरलेला. आत गिगाहर्ट्‌झ महाराज मंद यंत्रांना फुंकर मारून पळवत होते.

"प्रोसेसरला साडेसाती आहे, माई! डोळे मिटा. बोला, ओम वेगाय नमः!"

डोळे उघडले की मघाशी रखडणारा लॅपटॉप सुसाट. टाळ्याच टाळ्या!

मी अंबरनाथला कॉम्प्युटर क्लास घेते. माझी विद्यार्थिनी तेजल आदल्या दिवशी क्लासमध्ये रडली, म्हणून मी तिच्याबरोबर रांगेत उभी होते. तिचं लग्न होऊन चारच महिने झालेले. घरी लॅपटॉपवर ती भरतकामाची डिझाइन्स करते. तिची सासू बनूबाई दर रविवारी तो महाराजांकडे आणायची. इथे पळायचा, घरी गेला की पुन्हा ढिम्म. शेवटी महाराजांनी निदान केलं, "सुनेचा हात वाईट. चाळीस दिवस माहेरी धाडा." बनूबाईंनी तिची बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

आदल्या दिवशी क्लासमध्येच मी तिचा लॅपटॉप तपासला तेव्हा बॅटरी वाचवायची सेटिंग चालू होती. "मी नाही लावली, मॅडम," तेजल म्हणाली. मी ती कुठे असते ते तिला दाखवलं, पण महाराज नेमकं काय करतात ते बघायचं म्हणून बदलली नाही.

आमचा नंबर आला. बरोबर आलेल्या बनूबाईंनी लॅपटॉप पुढे केला. सगळ्यांनी डोळे मिटले, मी नाही. महाराजांचं बोट सराईतपणे फिरलं. दोन क्लिक. लॅपटॉप पळाला. मग 'समाप्तीचा मंत्र', पुन्हा मिटलेले डोळे, पुन्हा दोन क्लिक. झाकण बंद.

"थांबा," तेजल म्हणाली. तिनं झाकण उघडलं. "आई, हा आकडा बघा. प्रोसेसरचा वेग. ०.८ गिगाहर्ट्‌झ आहे." तिनं सेटिंग बदलून एक मोठं डिझाइन उघडलं. आकडा ३.१ वर गेला. सेटिंग परत लावली, आकडा खाली. "फुंकर कुणी मारली का?"

मग मी समजावलं, "प्रोसेसर कायम एकाच वेगानं धावत नाही. काम वाढलं की ऑपरेटिंग सिस्टिम वेग वाढवते, काम नसलं की उतरवते. वीज वाचते, यंत्र तापत नाही. बॅटरी वाचवायला सांगितलं, की ती हात आखडता घेते. महाराज मंत्र म्हणताना ती सेटिंग काढतात आणि परत देताना लावतात."

"ही बाई नास्तिक आहे!" महाराज कडाडले. "हिची नजर..."

"ओ बाबा, एक मिनिट!" मागून हरिचंद्र रिक्षावाला ओरडला. "माझ्या पोराच्या लॅपटॉपमध्ये पण तेच लावलंय!"

हॉलभर धडाधड झाकणं उघडली. महाराज मागच्या दारानं सटकू लागले, तर बनूबाई आडव्या.

"मेल्या, माझे सुनंला तू घराबाहेर काढत व्हतास?"

घरी जाऊन त्यांनी तेजलचे कपडे स्वतः कपाटात लावले. माफी शब्दांत मागितली नाही. चहा ठेवला आणि तिच्याजवळ येऊन बसल्या. "दाखव, ते कुठं बदलतात."

यंत्र मंद चाललं तर यंत्र तपासा, जाणत्याला विचारा. घरच्या लेकीसुनांचे हात तपासू नका.