बोट बंदची पाटी

बायको गेली त्या सकाळी तो दुकानात जमिनीवर फतकल मारून एका होडीच्या झाकणाची कड शिवत होता. धक्क्यावरून फोन आला. तिच्या शेजारच्या खिडकीत तिकिटं देणारा बोलत होता. काकू बसल्या जागी कोसळल्या, हॉस्पिटलमध्ये नेतोय, तुम्ही तिकडेच या, एवढं त्याने सांगितलं. हा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, डॉक्टर म्हणाले. तिला काही कळलंही नसेल, असंही म्हणाले. नंतर एका बाईने प्लास्टिकची पिशवी आणून दिली. तिच्यात चष्मा होता, घराच्या किल्ल्या होत्या, डबा होता आणि फोन होता. डबा भरलेलाच होता. तिने दाखवली तिथे त्याने सही केली.

मेहुणी रडत रडत आली आणि तिने पहिला प्रश्न हाच विचारला, की पोरीला कळवलं का?

पोर तिकडे परदेशात होती. शिडाच्या फळीची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती आणि दुसऱ्या दिवशी शेवटची शर्यत होती. तुमची मुलगी नक्की करते काय, असं गिऱ्हाईक विचारायचं, तेव्हा तो सांगायचा, फळीवर उभी राहते, शीड धरते आणि वाऱ्याला आपल्या मनासारखं वागायला लावते. त्यावर बायको म्हणायची, हे कापड पुरवतात, वारा मी पुरवते. ते खोटं नव्हतं. पहिलं शीड त्याने जुन्या ताडपत्रीतून बेतलं होतं. वारा मात्र पोरीला आईने शिकवला. तीस वर्षं ती धक्क्यावर तिकिटं देत होती. वारा वाढला की बोट बंदची पाटी खिडकीत लावणं तिच्याकडे होतं. नुसत्या दोरखंडाच्या आवाजावरून ती सांगायची, आज तीनची बोट जाणार नाही.

मायलेकींचा एक ठराव होता. स्पर्धा चालू असताना फोनवर बोलायचं नाही. आईचा आवाज ऐकला की माझे पाय मऊ पडतात, असं पोरीचं म्हणणं. त्यामुळे नुसते निरोप लिहायचे. बापाने स्पर्धेच्या इंटरनेटवरच्या पानावर बघायचं. तिथे निळ्या नकाशावर प्रत्येकाचा एक ठिपका असे, तिचा नारिंगी, सतरा नंबरचा. चार वर्षांपूर्वी रंगाच्या एका कंपनीने तिचा खर्च उचलला होता. तेव्हापासून तिच्या शिडावर हातभर अक्षरांत कंपनीचं नाव असे. ते शीड त्याने शिवलेलं नव्हतं, तरी त्याचा फोटो त्याने दुकानात शिलाई मशीनच्या वर लावला होता. करार या स्पर्धेबरोबर संपत होता. शेवटच्या शर्यतीनंतर पुढच्या तीन वर्षांची सही व्हायची होती.

त्याने हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून तिला फोन लावला. उचलला कंपनीच्या मॅनेजरने, कारण दिवसभर खेळाडूंचे फोन त्याच्याकडे असत.  ऐकून तो पोरगा हळू आवाजात म्हणाला, "काका, ती आत्ताच पाण्यातून बाहेर आलीये. समोरच बसलीये. फोन देऊ का? तुम्ही म्हणाल तसं."

तो म्हणाला, "नको. उद्याची शर्यत होऊ दे."

मेहुणी तिथेच उभी होती. तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की परक्या माणसाकडेही कोणी तसं पाहत नाही.

"भावजी, तिची आई गेलीये. बस चुकलेली नाही."

एका दिवसाने काय होतं, तो म्हणाला. तशीही तिला यायला दोन दिवस लागतील, तोवर इथे शवागारात ठेवू, ती आल्याशिवाय काही करायचं नाही. मेहुणी म्हणाली, म्हणजे माझ्या बहिणीने थंडीत वाट बघायची, कशाची, तर ठिपक्याची.  आपण पोरीच्या भल्याचंच करतोय, हे त्याने मनाशी चार वेळा घोकलं.

दुपारी तो घरी आला. कोणाला काय कळवायचं ते बघावं म्हणून त्याने बायकोचा फोन उघडला. तिच्या फोनला कुलूप कधीच नव्हतं. लपवायचं काय आहे, म्हणायची.

पोरीचा आदल्या रात्रीचा निरोप सगळ्यात वर होता. चांगला लांबलचक होता. दोन महिन्यांपूर्वी सरावात शीड अंगावर येऊन ती खाली अडकली होती, पट्टा सुटत नव्हता. घरी तिने थोडं खरचटलं एवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून प्रत्येक शर्यतीच्या आधी तिला उलटी होत होती. वारा वाढला की हात थरथरत होते. परवापर्यंत वाटलं जाईल, पण जात नाही, असं तिने लिहिलं होतं. शेवटी होतं: 'उद्या संध्याकाळपर्यंत मला सांग. सही करू की सोडून देऊ? बाबांना एवढ्यात सांगू नकोस. त्यांनी माझ्यापायी जन्म घातलाय. तू म्हणशील ते मी करीन.'

त्याच्या खाली, लिहायच्या चौकटीत, आईचं उत्तर होतं. लिहिलेलं होतं, पण पाठवलेलं नव्हतं. तिकिटं देता देता, मधल्या फटीत एकेक ओळ लिहिली असणार.

'भिंगरे, भीती वाटते तर वाटते. त्यात लाजायचं काय? मी तीस वर्षं बोट बंदची पाटी लावते, मला कोणी भित्री म्हटलं नाही. सही करू नकोस. उद्याची शर्यतही नको वाटली तर सोड. घरी ये. बाबांना मी सांगते. दोन दिवस रुसतील, मग'

पुढे काही नव्हतं. खिडकीशी कोणीतरी तिकीट मागायला आलं असेल. किंवा तेव्हाच झालं असेल.

तो खाटेच्या कडेला बसला. बाणाच्या खुणेवर बोट ठेवलं की उत्तर जाणार होतं. एवढंसं काम. त्याने अंगठा वर नेला आणि परत घेतला. त्याला आधी राग आला, बायकोवर. बाबांना सांगू नकोस, बाबांना मी सांगते, म्हणजे घरात मी कोण, छत्री अडकवायची खुंटी? मग वाटलं, हे गेलं तर पोर लगेच फोन करील, आणि ज्या हाताने हे लिहिलं त्या हाताबद्दल तिला काय सांगू? मग आणखी एक गोष्ट वाटली आणि ती त्याने मेहुणीलाही कधी सांगितली नाही. त्याला वाटलं, ती गेली, आता पोरीचं शीडही उतरलं, तर मी सकाळी उठून काय बघू?

संध्याकाळी फोन वाजला. पोरीचाच निरोप होता. 'वाचलंयस, पण उत्तर नाही. म्हणजे माझं मीच ठरवायचं ना? बरं. कळलं मला.'

त्याने फोन बंद करून कपाटात, तिच्या कपड्यांखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला, कारण घरात माणसं जमली होती. शटर अर्धं खाली ओढून त्याने पान उघडलं. सगळे ठिपके सुरुवातीच्या रेषेवर आले, नारिंगी सगळ्यात शेवटी आला. एरवी त्याला वाटलं असतं, काहीतरी डाव असेल पोरीचा. आता त्याला माहीत होतं ती कशाला थांबली होती. वारा जोराचा होता, दोन ठिपके मध्येच परत फिरले. नारिंगी ठिपका पहिल्या वळणावर इतका वेळ हलला नाही, की त्याने मशीनची कड दोन्ही हातांनी धरली. मग ठिपका हलला. पोर पाचवी आली. शेजारचा कुलूपवाला बाहेरून म्हणाला, पाचवी म्हणजे लय झालं, अख्ख्या जगात पाचवी, पेढे कुठायत? मग त्यालाच आठवलं, आणि तो मान खाली घालून निघून गेला.

तासाभराने त्याने फोन केला. आधी ती हसत होती. सही झाली, बाबा, म्हणाली. मग त्याने सांगितलं.



"कधी?"

"काल. अकराच्या सुमारास."

"आणि तुम्ही मला आज सांगताय."

 तिने तो विषय ओढला नाही. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"मी तिला काहीतरी विचारलं होतं. तिने वाचलं होतं, खूण दिसत होती. मग काहीच का नाही लिहिलं, बाबा?"

तो म्हणाला, "खिडकीवर गर्दी असेल गं."

फोननंतर तिसऱ्या दिवशी पोर आली. आईजवळ एकटीच आत गेली आणि बाहेर आली तेव्हा मावशीचा हात धरून होती, बापाचा नाही. सगळं आटोपल्यावर तिने आईचा फोन मागितला. त्याने सांगितलं, तो बंद पडलाय, दुरुस्त करून ठेवतो. नवव्या दिवशी ती गेली, कंपनीचं सरावाचं शिबिर होतं. निघताना मावशीला म्हणाली, आईला वाटलं असतं नको, तर तिने लिहिलं असतं, ती कधी गप्प बसणारी होती का.

त्याला आता सात महिने झाले. करारातली अडीच वर्षं उरली आहेत. तो सगळ्या शर्यती बघतो. नारिंगी ठिपका दर वेळी रेषेवर शेवटी येतो, आणि तो येईपर्यंत हा मशीनची कड सोडत नाही. मशीनवरचा फोटो त्याने काढून ठेवला आहे. रविवारी तो बायकोचा फोन चार्ज करतो, उघडतो, चौकटीतलं वाचतो आणि परत कपड्यांखाली ठेवतो. मेहुणीने दोनदा विचारलं, दुरुस्त झाला का. अजून नाही, म्हणाला.

बायकोचं उत्तर त्याने मुलीला अजून पाठवलेलं नाही.