पाइकोचा काढा

"थांब! ते इंजेक्शन देऊ नकोस!" मी एवढ्यांदा ओरडले की डॉक्टर इरियार्तेच्या हातातून सिरिंज पडता पडता राहिली.

"नेलिदा, पोराच्या रक्तात जंतू शिरलेत. वेळ नको घालवू."

"मग ताप कुठाय?"

मेंडोसा शहरातल्या आमच्या इस्पितळात तीन महिन्यांचा सीरो निपचित पडला होता. मान लुळी, पापण्या अर्ध्यावर, कित्येक दिवस शी नाही. त्याची आई यामिला उशाशी बसली होती. आजी एउलोखिया मात्र तोऱ्यात होती. "पोट दुखून रडायचा. मी पोटदुखी उतरवायला रिबिनीनं माप घेऊन मंत्र म्हटला, रडणं बंद!"

अहो आजी, गुण कसला! पोरात रडायची ताकदच उरली नव्हती.

"मध चाटवलात?"

"छे! तेवढं कळतं आम्हाला."

"मग आणखी काय दिलंत?"

आजीनं सीरोचं पांघरूण सारखं केलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या डॉक्टरांपुढे घरगुती औषधी पाल्याचं नावही काढत नाहीत, कारण आम्ही लगेच फाडून खातो. मी कसाबसा राग गिळला. "शप्पथ, ओरडणार नाही. पण आत्ता बोला!"

"पाइकोचा काढा... डोंगरातला पाला. चमचा चमचा."

मी दिवा मालवून टॉर्च पेटवला. सीरोच्या डोळ्याची बाहुली बारीक झाली. पुन्हा उजेड, पुन्हा पुन्हा. हळू, आणखी हळू, आणि मग हललीच नाही.

"आयला, थकतेय!" इरियार्ते पुटपुटला.

"बोटुलिझम!" मी जवळजवळ नाचलेच. "मधातून जातात तसे पाल्याच्या धुळीतून जंतू आतड्यात गेले असणार. त्यांचं विष स्नायू लुळे करतंय, आणि तुझं ते जंतुनाशक इंजेक्शन त्यांना आणखी ढिलं करून उरलासुरला श्वासही थांबवेल!"

त्यानं सिरिंज फेकली. "एनिमा देऊन शी तपासणीला पाठवतो."

"पाठव, पण निकालाची वाट बघायची नाही. विषावरचं औषध मागव. श्वासाचं यंत्र आण, पळ!"

तो पळाला. औषध वेळेत पोचलं, तपासणीतही तेच निघालं. काही आठवडे यंत्रानं सीरोसाठी श्वास घेतला, मग एका सकाळी नळी निघाली. आनंदानं मी इरियार्तेला मिठीच मारली.

आजी दाराशीच उभी होती. "मला नको देऊ गं त्याला. माझ्याच हातानं पाजलं ना मी."

यामिलानं उठून पोर सरळ सासूच्या हातात ठेवलं. सीरोनं आजीचं बोट पकडलं. तिनं सोडवून पाहिलं, सुटेना.

"अगं, किती घट्ट धरलंय!" म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली.